मशीन कमी पडतं, की आपण?

सबमिशनच्या आदल्या रात्री, जर्नलची निम्मी पानं कोरी असताना, आमच्या रूममध्ये आम्ही तिघं जण एका लॅपटॉपसमोर आ वासून बसलो होतो. पिक्चर नव्हता, मॅच नव्हती. चालू होता एक प्रोग्राम, आणि तोही कमोडोर ६४ नावाच्या, आमचे वडील शाळेत होते तेव्हाच्या एका घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहिलेला. पडद्यावर नक्षी उमटत होती, पसरत होती, मोडत होती, पुन्हा वेगळ्याच रूपात उभी राहत होती. मागे ड्रमचा ठोका, त्याला धरून बेस आणि वर एक सूर, जो एकदा कानात शिरला की मेसच्या रांगेतसुद्धा पाठ सोडत नाही. दोन-अडीच मिनिटांत खेळ खलास.

रूममेट म्हणाला, "बरंय. पण असलं तर मोबाईलवर पण होतं." मी त्याला फाइलचा आकार दाखवला. २५६ बाइट. केबी नाही, एमबी नाही, नुसते बाइट. तो म्हणाला, "येड्या, शॉर्टकटचा आकार बघतोयस. खरी फाइल दुसरीकडे असेल."

खरी फाइल दुसरीकडे नव्हती. चित्रं, गाणं, सगळं त्या २५६ बाइटमध्येच होतं.

मित्रहो, २५६ बाइट म्हणजे किती याचा अंदाज घ्या. युनिकोडच्या रूढ पद्धतीने, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. म्हणजे झाली जेमतेम ८५ चिन्हं. या लेखाचं शीर्षक आणि त्याखालचं पहिलं वाक्य, एवढंसुद्धा त्यात मावणार नाही!

या प्रोग्रामचं नाव 'अ माइंड इज बॉर्न'. स्वीडनच्या लिनस ओकेसन यांनी तो २०१७ साली जर्मनीत झारब्रुकन इथल्या 'रिव्हिजन' या मेळाव्यात सादर केला. स्पर्धा होती जुन्या मशीनवरच्या ४ केबीपर्यंतच्या प्रोग्रामची. म्हणजे ४,०९६ बाइट वापरायची मुभा होती. या माणसाने त्यातला सोळावा हिस्सा वापरला आणि पहिला नंबर काढला.

एवढ्या जागेत गाणं साठवताच येत नाही. म्हणून तो ते साठवतच नाही, वाजवता वाजवता तयार करतो. सेकंड इयरला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण शिफ्ट रजिस्टर शिकलो. बिट एक घर सरकवायचे, बाहेर पडलेल्या बिटावरून काही ठिकाणी एक्सऑर करायचं, की आकड्यांची एक मालिका मिळते. ती वरवर बघता अस्ताव्यस्त वाटते, पण दर वेळी तीच येते. त्या सुरावटीच्या मागे हेच लिनिअर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर आहे. आपण परीक्षेत त्याची आकृती काढतो, चार मार्क घेतो आणि विसरतो. त्यातून गाणं निघू शकतं हे मला तरी कधी सुचलं नव्हतं.

असल्या प्रोग्रामला 'डेमो' म्हणतात. त्याचा उपयोग शून्य. तो गेम नाही, त्यात बटण दाबायचं नाही, विकायचा नाही. या मशीनकडून एवढंही करून घेता येतं, हे चार जाणकारांना दाखवायचं, बस्स.

ही कला जन्माला कशी आली तेही मजेशीर आहे. १९८० च्या दशकात युरोपात टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर घराघरांत आले. गेम कॅसेटवर आणि फ्लॉपीवर मिळायचे आणि कॉपी होऊ नये म्हणून त्यांना कुलूप असायचं. ते कुलूप तोडणाऱ्या पोरांच्या टोळ्या होत्या. कुलूप तोडलं की गेमच्या आधी टोळीचं नाव झळकवायचं. सोबत सरकणारी अक्षरं, थोडं म्युझिक, दोस्तांना नमस्कार, दुसऱ्या टोळीला टोमणे. होता होता गेम बाजूला पडला आणि नाव झळकवण्याचीच चढाओढ लागली. तिचे पुढे मेळावे भरायला लागले. फिनलंडमध्ये 'असेम्ब्ली' आणि नॉर्वेत 'द गॅदरिंग' हे दोन्ही १९९२ साली सुरू झाले. २०२० साली फिनलंडने आणि २०२१ साली जर्मनीने या डेमो संस्कृतीला आपापल्या जिवंत सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. चोरीच्या गेमवर पाटी लावण्यापासून देशाच्या वारशापर्यंत!

आपल्या हॉस्टेलला या परंपरेचा पहिला अर्धा भाग तोंडपाठ आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर कोणत्या रूममध्ये मिळतं ते फर्स्ट इयरच्या पोरालाही आठवड्यात कळतं. दुसरा अर्धा भाग मात्र आपल्यापर्यंत पोचलाच नाही.

आता जरा मशीनच्या आत शिरू. कमोडोर ६४ हा १९८२ साली बाजारात आला. त्यातला ६५१० प्रोसेसर म्हणजे प्रसिद्ध ६५०२ चा सख्खा भाऊ. लहानपणी टीव्हीला डबा जोडून मारिओ खेळलात ना? त्या डब्यातला प्रोसेसरही याच घराण्यातला. वेग साधारण १ मेगाहर्ट्झ, मेमरी ६४ केबी. चित्रासाठी व्हीआयसी-टू नावाची चिप, तिच्यात ठरलेले १६ रंग आणि पडद्यावर हलवायला स्प्राइट नावाच्या ८ छोट्या आकृत्या. आवाजासाठी बॉब यानेस यांनी डिझाइन केलेली एसआयडी चिप, तिच्यात एका वेळी तीनच आवाज. आणि चित्राच्या चारी बाजूंना एक जाड रंगीत चौकट. त्या चौकटीत काही काढायची सोय नव्हती.

सोय नव्हती, तरी लोकांनी काढलं. कसं ते सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

टीव्हीवरचं चित्र वरून खाली, ओळीमागून ओळ असं काढलं जातं. युरोपातल्या पाल पद्धतीच्या कमोडोरमध्ये अशा ३१२ ओळी आणि प्रत्येक ओळीला ६३ सायकल. गुणाकार करा, एका चित्राला १९,६५६ सायकल. अशी चित्रं सेकंदाला ५०. आता चिपमध्ये एक बिट आहे. मजकुराच्या २५ ओळी दाखवायच्या की २४, ते तो बिट ठरवतो. २४ असतील तर किरण २४७ व्या ओळीवर आला की खालची चौकट सुरू होते, २५ असतील तर २५१ व्या ओळीवर. एखाद्या बेरक्या पोराने यात काय करावं? २४७ वी ओळ जाईपर्यंत '२५' सांगून ठेवावं. चिप म्हणते, ठीक आहे, अजून वेळ आहे. मग २५१ यायच्या आत गुपचूप '२४' करावं. चिप आता २४७ ची वाट बघते आणि २४७ तर केव्हाच मागे गेली! चौकट सुरू होतच नाही आणि त्या मोकळ्या जागेत स्प्राइट दिसायला लागतात.

हे प्रत्येक चित्राला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा करायचं. डाव्या-उजव्या बाजूची चौकट उघडायची असेल तर असंच काम प्रत्येक ओळीवर, नेमक्या ठरलेल्या सायकलला. एक सायकल इकडची तिकडे झाली की चौकट परत हजर. त्यात आणखी एक भानगड आहे. मजकुराच्या भागात दर आठव्या ओळीला ही चिप स्वतः मेमरी वाचायला प्रोसेसरला थांबवते आणि ६३ पैकी ४० सायकल तरी खाऊन टाकते. उरलेल्या वीसेक सायकलमध्ये काय ते भागवायचं.

आवाजाचंही तसंच. एसआयडीमध्ये आवाज कमी-जास्त करायला १६ पायऱ्या आहेत. पायरी बदलली की स्पीकरमधून बारीक 'टक' असा आवाज यायचा. खरं तर हा दोष. पण लोकांनी ती पायरी सेकंदाला हजारो वेळा बदलली आणि त्या टकटकीतून ड्रम आणि माणसाचं बोलणंसुद्धा काढलं. तीन आवाजांच्या चिपला चौथा आवाज मिळाला. पुढे ८५८० ही सुधारलेली चिप आली, तिच्यात तो 'टक' जवळजवळ नाहीसा झाला आणि जुन्या गेममधलं बोलणं ऐकूच येईना. दोष गेला म्हणून लोक हळहळले!

कमोडोर कंपनी १९९४ साली बुडाली. त्यानंतर १४ वर्षांनी, २००८ साली, स्वीडनच्या 'बूझ डिझाइन' या ग्रुपने नेदरलँड्समधल्या 'एक्स' मेळाव्यात 'एज ऑफ डिसग्रेस' हा डेमो दाखवला आणि पहिला नंबर मिळवला. तो डेमो आणि १९८२-८३ मधला एखादा गेम शेजारी शेजारी लावून बघा. एकाच मशीनवरचे आहेत यावर विश्वास बसत नाही. मधल्या २५ वर्षांत त्या मशीनमध्ये मेमरी वाढली नाही, रंग वाढले नाहीत, वेग वाढला नाही. मशीन सुधारणारी कंपनीच उरली नव्हती. वाढलं ते फक्त मशीन वापरणाऱ्यांचं ज्ञान. दोन चित्रांमधला जो फरक दिसतो, तो सगळाच्या सगळा ज्ञानाचा आहे.

इथे मला आपली ८०८५ ची लॅब आठवते. टी-स्टेट मोजा, पाच मार्क. 'डीसीआर'ला ४, 'जेएनझेड'ने उडी मारली तर १०, नाही मारली तर ७. आपण हे पाठ केलं, डिलेचं गणित सोडवलं, जर्नलमध्ये गेल्या वर्षीच्या जर्नलवरून रीडिंग उतरवलं आणि मोकळे झालो. मीही तेच केलं, उगाच साळसूदपणा करत नाही. हे ७ आणि १० कशासाठी मोजायचे, असं कोणी विचारलं असतं तर मी "सिलॅबसमध्ये आहे म्हणून" असं उत्तर दिलं असतं. कमोडोरच्या चौकटीने मला त्याचं कारण दाखवलं. ७ च्या जागी १० धरले तर तिथे चित्र फाटतं. आपल्याकडे फार तर अर्धा मार्क जातो.

आता एक कबुली. सेकंड इयरला आमचा मिनी प्रोजेक्ट होता मेसचा डिस्प्ले बोर्ड. आज भाजी कोणती, फीस्ट कधी, हे एलईडीच्या पट्टीवर सरकताना दाखवायचं. बोर्ड आर्डुइनो उनो. डिस्प्ले पाच-दहा मिनिटं चालायचा आणि मग अक्षरांच्या जागी कचरा यायचा, नाहीतर सगळं गोठायचं. कंपाइल करताना मेमरी कमी आहे अशी लाल अक्षरांत सूचना यायची. आमचं निदान दोन मिनिटांत तयार: "उनो कमी पडतोय." आम्ही काँट्रिब्यूशन काढून मोठा मेगा बोर्ड आणला. माझ्या वाट्याचे पैसे मी घरून 'रेफरन्स बुक'साठी म्हणून मागवले. ओरलला विचारलं, मेगा का घेतला? मी ठोकून दिलं, "सर, फॉर बेटर परफॉर्मन्स." मार्क चांगले पडले.

त्या सबमिशनच्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी तो जुना कोड उघडला. उनोमध्ये रॅम असते २ केबी, म्हणजे २,०४८ बाइट. अख्ख्या 'अ माइंड इज बॉर्न'च्या आठपट. मग ती गेली कुठे? चुका शोधायला आम्ही जागोजागी सिरियल पोर्टवर संदेश छापत होतो: "आता इथे आलो", "आता तिथे आलो". असे चाळीसएक संदेश. उनोमध्ये कोडात लिहिलेला असा मजकूर सुरू होतानाच रॅममध्ये उतरतो. म्हणजे आम्हाला चुका दाखवणारे संदेशच रॅम खाऊन चूक घडवत होते! मजकूर ३२ केबीच्या फ्लॅशमध्येच राहू द्या, असं सांगायची सोय आर्डुइनोत आहे. प्रत्येक संदेशाभोवती एक अक्षर आणि कंस, एवढंच. अर्ध्या तासात काम झालं. तोच डिस्प्ले त्याच जुन्या उनोवर रात्रभर चालला.

मशीन कमी पडलंच नव्हतं. आपल्याकडे किती आहे आणि ते कुठे खर्च होतंय, हे बघायची तसदी आम्ही घेतली नव्हती. पुस्तकाच्या पैशांचं घरी अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी जातो, तेव्हा आता कळेलच.

कॉम्प्युटरच्या एका मित्राला हे सांगितलं तर तो हसला. "कंपनीत कोण सायकल मोजतं? मेमरी स्वस्त आहे, माणसाचा वेळ महाग आहे. लायब्ररी घे, काम संपव, घरी जा." त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. प्लेसमेंटला कोणी २५६ बाइटचा प्रोग्राम मागणार नाही. तयार लायब्ररी वापरणं हा गुन्हाही नाही. डेमोवालेसुद्धा आजच्या पीसीवर एम्युलेटर आणि असेम्ब्लर चालवूनच कमोडोरसाठी लिहितात, कोणी व्रत म्हणून हाल सोसत नाही. जुनं ते सोनं असं माझं मुळीच म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: 'कमी पडतंय' हे निष्कर्षाचं वाक्य आहे, ते मोजल्यानंतर उच्चारायचं असतं. आपण ते पहिल्यांदाच उच्चारतो. लॅपटॉप हँग होतो, नवीन घ्या. बोर्ड पुरत नाही, मोठा घ्या. मेमरी स्वस्त आहे हे ज्याच्या घरून पैसे येतात त्याला विचारा. आणि माणसाचा वेळ महाग आहे म्हणता, तर मोठा बोर्ड शोधण्यात, मागवण्यात, सगळं पुन्हा जोडण्यात आमचे दोन आठवडे गेले. चूक सापडायला अर्धा तास लागला.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आपल्या लॅबमधले ८०८५ चे किट. सिलॅबस बदलला, तेव्हापासून १४ किट मागच्या कपाटात पडून आहेत. यंदाच्या स्टॉक व्हेरिफिकेशननंतर ते राइट-ऑफच्या यादीत जाणार असं ऐकतो. त्यानंतर भंगारवाला आणि किलोचा भाव. स्टाफला माझी नम्र विनंती आहे, सगळे नाही तर पाच किट तरी ठेवा. आणि वार्षिक टेक फेस्टमध्ये, रोबो रेस आणि पेपर प्रेझेंटेशनच्या जोडीला, एक छोटी स्पर्धा ठेवा.

नियम साधे. मशीन ८०८५ चा किट. प्रोग्राम २५६ बाइटच्या आत. दाखवायला किटवरचे सहा आकडे आणि ऐकवायला एसओडी पिनवर जोडलेला एक बझर. किटचा क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ असेल तर २४० हर्ट्झचा 'सा' काढायला दर ६,४०० टी-स्टेटला ती पिन उलटी करायची, ३६० हर्ट्झचा 'प' काढायला दर ४,२६७ ला. पाच मार्कांचं डिलेचं गणित पहिल्यांदाच कानाने तपासता येईल. चुकलं तर बेसूर होईल आणि सगळ्या हॉलला कळेल! निकाल प्रेक्षकांनी मत देऊन लावायचा, डेमोच्या मेळाव्यांत तसाच लागतो. मार्क नाहीत, सर्टिफिकेट नसलं तरी चालेल. फक्त एक अट: परीक्षक ज्या बाइटवर बोट ठेवतील, तो बाइट तिथे का आहे हे लिहिणाऱ्याने सांगितलं पाहिजे. या एका अटीत नेटवरून उतरवलेले सगळे प्रोग्राम आपोआप गळतील. आणि मला प्रामाणिकपणे विचाराल तर, ही अट फायनल इयरच्या प्रोजेक्टला लावली तर आपल्यापैकी किती जण उरतील, याची मला धास्ती वाटते. त्यात मीही आलो.

लॅब असिस्टंटांच्या मेहेरबानीने मी एक किट संध्याकाळी तासभर वापरतो आहे. सहा आकड्यांवर कॉलेजचं नाव सरकवायचं आणि सोबत पाच सुरांची धून वाजवायची, एवढाच बेत आहे. सध्या प्रोग्राम ३१० बाइटचा झालाय. नाव सरकताना धून अडखळते, ते वेगळंच. ५४ बाइट कुठून काढायचे ते कळत नाहीये. कोणाला काही सुचत असेल तर रात्री जेवणानंतर रूमवर या, प्रिंटआउट भिंतीवरच चिकटवलाय.

– एक विद्यार्थी, टी. ई. (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम)